वजन कुठल्या पायावर

दसरा उलटला की कडावच्या शिवारातून एक वास येतो. पिकलेल्या भाताचा, सुकत चाललेल्या चिखलाचा आणि उन्हात तापलेल्या गवताचा. शाळेतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली, राहते कर्जतला. पण ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की मी भावाकडे गावी जाते आणि सरळ बांधावर जाऊन बसते. भाऊ कुरकुरतो, "ताई, घरात पंखा हाय. हितं उनात काय करतेस?" मी काय सांगणार त्याला? मी माणसं बघायला जाते. वाकलेली, भारा उचलणारी, मध्येच कमरेवर हात ठेवून माथेरानच्या डोंगराकडे बघत उभी राहिलेली माणसं. हातात वही असतेच. भावाच्या नातीला वाटतं, आजी हिशेब लिहिते.

आमच्याकडे हे दिवस कापणीचे, आणि शाळेत हेच दिवस ड्रॉइंगच्या परीक्षांचे. एकीकडे विळे, दुसरीकडे पेन्सिली. दोन्हींना धार लावायची ती याच पंधरवड्यात. मी नववीत होते तेव्हा ही दोन्ही कामं माझ्यावर एकदमच येऊन पडली. सत्तर-एकाहत्तर साल असेल. त्या एका हंगामात मी माणूस काढायला शिकले. पुढे कोर्स केला, नोकरी केली, शेकडो मुलांच्या हाताला धरून रेघा काढून घेतल्या. पण शिकले ती तेव्हाच. त्याचा मला अभिमान आहे आणि या वयात तो लपवायचं काही कारण उरलेलं नाही.

त्याआधी मला चित्रं येत नव्हती असं नव्हे. जास्वंदीचं फूल मी असं काढायची की शेजारच्या बायका म्हणायच्या, आता भुंगा येऊन बसंल. तांब्या, पेला, कांदे, घडवंची, सगळं जागच्या जागी. रांगोळीत तर गावात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असायचा. समोर काही न ठेवता, आठवून एक प्रसंग काढायचा. बाजार, पाणवठा, जत्रा असलं काहीतरी. आणि प्रसंग म्हटला की माणसं आलीच. तिथं माझं घोडं अडायचं. माझ्या जत्रेतली माणसं एका रांगेत उभी, हात दोन्ही बाजूंना, नाक समोर. सगळ्यांची तोंडं मात्र मी मन लावून काढलेली. पापण्या, भुवया, बायकांच्या नथीतले मोतीसुद्धा.

आमचे ड्रॉइंगचे ठोसर सर साताऱ्याकडचे. बुटके, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशाला कायम रंगाचा डाग. माझी जत्रा त्यांनी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "सुमन, ही माणसं जत्रेला आल्यात का फोटू काढून घ्यायला आल्यात?"

वर्ग हसला. मी मान खाली घातली.

"आगं, हसत्यात त्यांच्याकडं लक्ष देऊ नको. नथ झकास काढलीयस. पर नथीच्या मागं बाई न्हाई."

मग त्यांनी जे केलं ते मी पुढे आयुष्यभर माझ्या वर्गात करत आले. ते फळ्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "आता मी कोण हाय, वळखा." आणि त्यांचे खांदे हळूच कानांपर्यंत चढले, मान आत गेली, मुठी आवळल्या गेल्या. "रागावलेत!" मुलं ओरडली. मग खांदे सैल सुटले, एक गुडघा किंचित दुमडला, डोकं एका बाजूला कललं. "कंटाळलेत! बसची वाट बघतायत!" मग टाचा उचलल्या, मान लांब केली, एक हात कपाळाशी नेला. "कुणाला तरी शोधतायत!" सरांचं तोंड एकदाही दिसलं नव्हतं. धोतराएवढ्या ढगळ पँटीतला तो बुटका माणूस पाच मिनिटांत दहा माणसं होऊन गेला होता.

वळले तेव्हा त्यांना धाप लागली होती. "चेहरा सगळ्यात शेवटी," ते म्हणाले. "आधी एक रेघ. डोक्यापास्नं टाचेपातुर. ती रेघ कुठं वाकली ते घावलं की माणूस घावला. आनि दुसरं इचारायचं, वजन कुठल्या पायावर हाय? दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन फकस्त पुतळा उभा ऱ्हातो. जित्ता माणूस न्हाई."

जाताना त्यांनी मला थांबवून खिशातून एक दोरा काढून दिला. टोकाला पितळेचा छोटा लंबक. गवंडी भिंत सरळ आहे का बघतात तो ओळंबा. "हा डोळ्यापुढं धरायचा. दोरा माणसाच्या गळ्याच्या खळीवर आणायचा आनि खाली बघायचं, कुठल्या पावलावर पडतोय. ज्या पावलावर पडंल त्यावर वजन." परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. "रोज पन्नास माणसं काढ. तोंड न्हाई काढायचं. एकाचंबी."

रोज पन्नास माणसं आणायची कुठून? कर्जतच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना दहा-बारा व्हायची. बाकीची आमच्या शेतात होती.

भात पिवळं होऊन कलायला लागलं होतं. आमचं भाताचं खाचर आणि शेजारच्या चंद्राकाकीचं खाचर लागून होतं. दोन्ही घरच्या बायका मिळून कापणी करायच्या, आज यांच्यात, उद्या त्यांच्यात. बाबा पहाटे दुधाच्या किटल्या सायकलला लावून कर्जतला जायचे आणि परत आले की तेही विळा घ्यायचे. शाळेतून आले की मी बांधावर बसायची. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, चुलीतल्या कोळशाच्या तुकड्याने. कोळसा बरा पडायचा, त्याने नथ काढताच येत नाही.

पहिले दोन दिवस नुसते फुकट गेले. कापणारी बाई एका जागी थांबते कुठे? मूठ धरली, विळा फिरला, मूठ मागे टाकली, पाऊल पुढे. मी मान काढेपर्यंत कंबर हललेली. रडकुंडीला आले. तिसऱ्या दिवशी काढायचंच सोडलं आणि नुसती बघत बसले. आणि मग केव्हातरी, ऊन डोंगराकडे झुकल्यावर, मला ती रेघ दिसली. चंद्राकाकी वाकली की तिच्या मानेपासून टाचेपर्यंत एक विळाच तयार व्हायचा, हातातल्या विळ्यासारखाच. मी घाईने ती एक रेघ ओढली. मग कमरेशी एक गोल, खांद्याशी एक आडवी, लोंबता हात. चार रेघा. आणि कागदावर चंद्राकाकी भात कापत होती.

तो क्षण सांगता येत नाही. पोहायला शिकताना एकदा पाणी आपल्याला उचलून धरतं, तसं काहीतरी झालं. मी जागची उठून बांधावरून उगीचच धावत सुटले.

त्यानंतर मला माणसांचं वेडच लागलं. अंबाडा बांधणाऱ्या बाईची कोपरं, विडी पेटवणाऱ्यांच्या वाऱ्याकडे फिरवलेल्या पाठी, भांडणाऱ्यांच्या पुढे आलेल्या हनुवट्या. एस.टी.त शेजारी बसलेली म्हातारी झोपेत कशी कलंडत जाते आणि कशी सावरते, तेही मी तिकिटाच्या मागे काढलं. थकवा म्हणजे काय, तर खांद्याचं हाड कानापासून किती लांब गेलं ते. लाज म्हणजे आत वळलेला पायाचा अंगठा. लहानपणापासून मी यांच्यात वाढले होते आणि यातलं काहीच बघितलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी बायका जेवायला बांधावर बसल्या. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. चंद्राकाकीने माझी वही ओढून घेतली. "बगू दे तरी काय काडतेस ती रोज कावळ्यासारकी बसून."

पहिलं पान बघून ती ओरडली, "आगो बाय, ही मीच!"

"तोंड कुटं हाय पन?" दुसरी म्हणाली.

"तोंडाला काय करायचंय? माजी कंबर माज्यासारकी हाय ना? बग, कशी मातीच्या रांजनासारकी."

मग वही हातोहात फिरली. ही सखू, ही तिची सून, हे सखूचे मालक, बघ कसे पोट पुढं काढून उभे. एकाही चित्राला तोंड नव्हतं आणि एकही माणूस ओळखायचा राहिला नाही. शेतात बायका इतक्या हसल्या की लांबच्या खाचरातली माणसं उभी राहून बघू लागली. मी भाकरी हातात धरून बसले होते. नथीतल्या मोत्यांचं पुष्कळ कौतुक झालं होतं माझं, पण हे वेगळं होतं.

फक्त माझी आय हसली नाही. तिच्या चित्रांचं पान आलं तशी तिने वही मिटली. "पुरे आता. भात हाय अजून उबं." आणि ती सगळ्यांच्या आधी उठून कामाला लागली. मला वाईट वाटलं. वाटलं, तिला आवडलं नाही.

आयची चित्रं मी सगळ्यात जास्त काढली होती. तीस-पस्तीस तरी. आणि तीच मला सगळ्यात बिघडलेली वाटत होती. प्रत्येक चित्रात ती डावीकडे कललेली. वाकताना, उठताना, भारा डोक्यावर घेताना. मला वाटलं, माझाच हात वाकडा जातोय. म्हणून सरांना दाखवायला मी मोठ्या कागदावर एक चित्र पक्कं केलं आणि त्यात आयला सरळ केलं. दोन्ही पाय नीट जमिनीवर, डोक्यावर भाताचा भारा.

सरांनी बघितलं. "ही कोण?"

"आय हाय माजी, सर."

"ही तुझी आई न्हाई. हा खांब हाय. बाकीच्या बायका कशा जित्त्या काढल्यात, मग हिलाच काय झालं?"

मी कच्ची वही पुढे केली. म्हटलं, आधीची सगळी वाकडी आली होती, म्हणून सुधारली. सर एकेक पान उलटत गेले. मग त्यांनी माझ्याकडून ओळंबा मागून घेतला, वही फळ्याला टेकवून उभी धरायला लावली आणि दोरा एकेका चित्रासमोर धरला. डावं पाऊल. डावं पाऊल. पुन्हा डावं. त्यांची थट्टा थांबली.

"सुमन, तुझी आई लंगडते का?"

"नाय, सर."

"उजव्या पायाला काय लागलंय?"

"नाय सर. कायच नाय."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "घरी जा आनि बघ. तुझ्या हाताला जे कळलंय ते तुझ्या डोळ्याला अजून ठावं न्हाई. चित्र वाकडं न्हाई, पोरी. तू सुधारलंस तिथंच खोटं बोललीस."

तो एस.टी.चा प्रवास मला अजून आठवतो. रस्ता तोच, पण मला आयचं सगळं चालणं आठवत होतं. विहिरीवरून येताना ती हंडा डाव्या कमरेवर घ्यायला लागली होती, ते केव्हापासून? चुलीपुढे एक पाय पसरून बसायला लागली, ते?

घरी पोचले तेव्हा ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी दप्तर टाकलं आणि तिच्या पायाशी बसले. "आय, पाय दाखव."

"कंचा पाय? काय झालंय तुला?"

"उजवा. दाखव."

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मी धरला. ती रागावली, मग तिने पाय सोडून दिला. टाचेला फडकं बांधलेलं होतं, त्याच्या आत हळद आणि चुना. फडकं सोडलं तशी मला घाण आली. टाच काळीनिळी होऊन सुजली होती. श्रावणात कधीतरी काटा मोडला होता, अर्धा आत राहिला होता. तिने तो सुईने काढायचा प्रयत्न केला, मग बिब्ब्याचा चटका दिला, मग कुणाला न सांगता त्याच पायावर दोन महिने उभी राहिली.

"बाबांना सांगू नको," ती म्हणाली. "भात घरात येऊ दे. मंग बगू."

"का नाय सांगायचं?"

"आगं, परतीचा पाऊस डोंगरावर येऊन बसलाय. मी झोपले तर कापनार कोन? एक पाय दुकतो म्हनून भात थांबतंय काय?"

मी बाबांना सांगितलं. मला जन्मात आयचा शब्द मोडल्याचं असं समाधान कधी वाटलं नाही. बाबांनी दुधाच्या किटल्या सायकलवरून उतरवल्या, मागच्या कॅरियरवर गोधडी बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बसवून कर्जतला घेऊन गेले. मी बरोबर चालत, अर्धी धावत. डॉक्टरांनी चीर दिली तेव्हा आयने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ उमटला. बोटाच्या पेराएवढा, काळा पडलेला काट्याचा तुकडा बाहेर आला. डॉक्टर बाबांना म्हणाले, "अजून आठवडा गेला असता तर हाडाला लागलं असतं. मग पायाचं मी काही सांगू शकलो नसतो. कळलं कसं तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या चित्रात व्हतं."

डॉक्टरांना काही समजलं नाही. आणि बाबांना तरी ते पुढे नीट सांगता येईना.

आयला पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. माझी परीक्षा पाच दिवसांवर होती आणि डोंगरावर ढग होते. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमे, परीक्षा पुडल्या वर्साला दे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आयचा पाय मीच उघडा पाडला होता, तिचा विळाही मीच उचलायला हवा होता. शाळेत न जाता मी चार दिवस भात कापलं. आधी पंधरवडाभर बांधावरून जे बघितलं होतं, ते आता माझ्या अंगातून जायला लागलं. वाकल्यावर वजन कसं बोटांवर येतं. उठताना हात आपोआप मांडीवर कसा टेकतो, आणि तो टेकला की किती बरं वाटतं. भारा दुसरीच्या डोक्यावर देताना तो आपल्या हातून सुटलेला असतो आणि तिच्या डोक्यावर अजून बसलेला नसतो, असा एक निमिष असतो. त्या निमिषाला दोघींचेही श्वास थांबतात, माना ताठ होतात, नजरा वर. हे बाहेरून दिसत नाही. भारा हातात असावा लागतो. तळव्यांना फोड आले, डाव्या करंगळीला विळा लागला, आणि तरीही मनात मी चित्रंच काढत होते.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात बायका उभ्या. चंद्राकाकी पुढे, पदर खोचलेला. "वयनीचं भात आज आनि उद्या आमी कापतो. पोरीला पाटवा परीक्षेला."

बाबा संकोचले. "आगं, तुमचं भात उबं हाय अजून. पावसाचा काय नेम?"

"भिजलं तर माजं भिजंल. तुमी कशाला बोलता? माजी कंबर काडली पोरीनं, सगल्या गावात हसं केलं माजं. मंग तिच्या आयचं एवडं भात नाय कापनार मी?"

आत खाटेवरून आयचा आवाज आला. "सुमे, वेनी घाल. गाडी जाईल."

स्मरणचित्राच्या पेपरला तीन विषय होते. शेतीचा एकही नव्हता. मग मी 'आठवड्याचा बाजार' हा विषय घेतला आणि डोळे मिटून बसले. आजूबाजूला मुली पेन्सिलीने तराजू, छत्र्या, भाजीचे ढीग आखत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे दोन बायका आल्या. बाजार उठलाय, एक बाई दुसरीला टोपली उचलायला मदत करतेय. टोपली एकीच्या हातून सुटली आहे, दुसरीच्या डोक्यावर बसलेली नाही. तेवढंच. मी मधोमध त्या दोघी काढल्या. आधी एक रेघ, मग दुसरी. हातावरच्या फोडांमुळे पेन्सिल नीट धरता येत नव्हती, म्हणून रेघा जाडसर येत होत्या, येऊ दिल्या. बाकीचा बाजार मागे चार फटकाऱ्यांत संपवला. तोंडं शेवटी काढायची म्हणून ठेवली होती. शेवटी बघितलं तर त्यांची गरज नव्हती. नुसत्या दोन वर उचललेल्या हनुवट्या पुरल्या.

निकालात मला 'ब' श्रेणी मिळाली. त्याच परीक्षेतल्या भूमितीच्या पेपरात मी मार खाल्ला. ठोसर सर त्यावर दोन दिवस चिडले होते. "वर्तुळानं बुडवलं तुला!" पण त्यांनी मला मास्तरांच्या खोलीत बोलावून सगळ्या शिक्षकांसमोर माझी कोळशाची वही उघडली आणि आयची ती तीस-पस्तीस पानं एकेक करून दाखवली. नुसते पान उलटत राहिले. 'अ' श्रेणीवाल्या दोघी होत्या वर्गात. त्यांच्या वह्या त्या खोलीत गेल्या नाहीत. हे लिहितानाही माझी मान थोडी ताठ झाली आहे, हे मला कळतंय.

भात वेळेत घरात आलं. चंद्राकाकीचं थोडं भिजलं. तिने ते आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नाही.

पुढे चित्रकला शिक्षकाचा कोर्स करायला बाबांनीच मला पाठवलं, आणि ऐंशीनंतर मी मोहोपाड्याच्या एका शाळेत लागले. कारखान्यांच्या आसपासच्या वसाहतींतली मुलं. कुणाचे वडील पाळीवर, कुणाचे ऑफिसात. कुठून कुठून आलेली घरं. तिथेही दरवर्षी ऑक्टोबरात स्मरणचित्रं सुरू व्हायची, आणि तिथल्या मुलांची माणसंही फोटोला उभी राहिलेलीच असायची. मी फळ्याकडे तोंड करून रागवायची, कंटाळायची, कुणाला तरी शोधायची.

एका वर्षी कापणी आटोपून आय चार दिवस माझ्याकडे राहायला आली. मी तिला म्हटलं, "माझ्या वर्गात येशील? मुलांना तुझं चित्र काढू दे."

"माजं? म्हातारीचं? येड लागलंय तुला."

पण आली. नवं लुगडं नेसून, केस चापूनचोपून. खुर्चीवर अशी बसली की हातपाय लाकडाचे. मुलं पाच मिनिटांत कंटाळली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आजी, भात कसं कापतात हो?"

आयने आधी माझ्याकडे बघितलं. मग उठली, पदर खोचला, टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि फळ्यासमोर वाकली. मूठ धरली, विळा फिरवला, मूठ मागे टाकली, पाऊल पुढे. भिंतीपर्यंत कापत गेली आणि परत कापत आली. वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. तिचे दोन्ही पाय भक्कम पडत होते. मीही एक कागद ओढून घेतला.

तास संपला तशी तीच मुलगी उठली. "आजी, तुमचं नाव काय? चित्राखाली लिहायचंय."

गावात तिला कुणी सुमीची आय म्हणत, कुणी वयनी. बाबा तर नुसते 'आगं' म्हणत. तिने जरा थांबून, शाळेतल्या मुलासारखं उभं राहून सांगितलं, "द्वारकाबाई."

संध्याकाळी घरी तिने सगळे कागद जमिनीवर मांडले. चटईवर, चटईबाहेर, पार दारापर्यंत. चित्रांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "खाली काय लिवलंय ते वाच."

"तुझं नाव आहे सगळ्यांवर."

"म्हाईत हाय. तू वाच."

मी वाचायला लागले. द्वारकाबाई. द्वारकाबाई. कुणी मोठ्या अक्षरात, कुणी वेलांटी चुकवून, कुणी खाली रेघ मारून. तिला अक्षर येत नव्हतं. मी वाचलं की ती त्या कागदावर बोट ठेवायची आणि पुढच्याकडे बघायची. एकाने नुसतंच 'आजी' लिहिलं होतं. मी थांबले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "पुडं वाच." चाळीस झाले. मला वाटलं संपले.

"एक ऱ्हायला," आय म्हणाली.

तो माझा होता. मी काढलेला. वर्गात घाईघाईत काढला आणि मुलांच्या कागदांत मिसळून आला होता. त्याच्याखाली नाव नव्हतं. मी पेन्सिल घेतली, तिच्यासमोर बसून एकेक अक्षर सावकाश काढलं, आणि मग मोठ्याने वाचलं.